शरदातली साडी आणि बूट

नवरात्र जवळ आलं की आमच्या घरातलं कपाट उघडं ते उघडंच राहतं. यंदाही तसंच झालं. माझी भाची शिक्षणासाठी पुण्यात, आमच्याकडेच राहते. वय वर्षं वीस. पलंगावर तिनं अख्खा संसार मांडला होता. खणाचा स्कर्ट, काळा कुर्ता, तुळशीबागेतून आणलेले ऑक्सिडाइजचे झुमके, दोन ओढण्या, कोल्हापुरी चप्पल, एक हिल्सवाली सँडल आणि कुठे तरी सेलमध्ये मिळालेले बूट. तिचा प्रश्न साधा होता. ऑक्टोबरमध्ये घालायचं तरी काय? दुपारी लक्ष्मी रोडवर चालताना घामाच्या धारा लागतात आणि रात्री गरबा संपवून स्कूटीवरून येताना अंगावर काटा येतो. दोन्हीला चालेल आणि फोटोतही छान दिसेल, असं काही तरी सुचव म्हणाली.

मी आपलं मला समजतं ते सांगितलं. शरदात आत सुती कपडा घालावा, म्हणजे घाम टिपला जातो. वरून काढता-घालता येईल असं काही तरी जवळ ठेवावं, खणाचं जाकीट नाही तर जाडसर ओढणी. ठसठशीत काही एकच असावं. गळ्यात मोठं घातलं तर कानात लहान. चालायचं असेल तर कोल्हापुरी, पण ती आधी आठवडाभर घरात घालून मऊ करून घ्यावी. नाचायचं असेल तर मागे पट्टा असलेली सँडल. नवी चप्पल घालून पहिल्याच दिवशी सारसबागेपर्यंत चालत गेलेल्या बाईला विचारा, सगळी स्टाईल टाचेवरच्या फोडात जिरते.

भाचीनं मान डोलावली आणि मग हळूच खरा प्रश्न विचारला. तिला त्या स्कर्टखाली बूट घालायचे होते, पण लोक हसतील का, याची धास्ती होती.

मैत्रिणींनो, या प्रश्नाला मी लगेच उत्तर दिलं नाही. कपाटाच्या वरच्या कप्प्यातून एक पुस्तक काढलं आणि तिच्यापुढे एक फोटो धरला. त्या फोटोची तारीख आहे १० ऑक्टोबर १८८५. म्हणजे ऐन शरद. फोटोत तीन मुली आहेत. मधली जपानची केई ओकामी, ती किमोनोत. उजवीकडची दमास्कसची सबात इस्लामबुली, तिच्या अंगावर सिरियातला पोशाख. आणि डावीकडे साडी नेसून, दागिने घालून आपली आनंदी बसली आहे. आनंदीबाई जोशी. फोटो अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचा, तिथल्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातला. तिघीही डॉक्टर होण्यासाठी आलेल्या. आनंदीचं वय तेव्हा बरोबर माझ्या भाचीएवढं, वीस.

आनंदीबाईंना आपण शाळेच्या पुस्तकापासून ओळखतो. काशीबाई कानिटकरांनी त्यांचं चरित्र लिहिलं, श्री. ज. जोशींची कादंबरी आपल्यापैकी कितीजणींनी दुपारी पदराला डोळे पुसत वाचली असेल. २०१९ साली सिनेमाही आला. पण तिच्या आयुष्याकडे कपड्यांच्या आणि पायातल्या बुटांच्या बाजूनं कधी बघितलं नव्हतं. त्या दिवशी भाचीला सांगता सांगता मलाच ते नव्यानं दिसलं. तेच आज तुम्हाला सांगते. त्या थोर बाई, तरी मी त्यांना अगं-तुगंच करणार आहे, कारण ही गोष्ट एका लहान मुलीची आहे.

तिचं माहेरचं नाव यमुना. कल्याणच्या गणपतराव जोशांची मुलगी, आजोळ पुण्याचं. जन्म ३१ मार्च १८६५. नऊ वर्षांची होती तेव्हा लग्न झालं. नवरा गोपाळराव जोशी, पोस्टात नोकरीला, बिजवर, तिच्याहून जवळजवळ वीस वर्षांनी मोठा. लग्नानंतर ती आनंदी झाली. बायकोला शिकवायचंच, हा गोपाळरावांचा हट्ट. त्या काळात असा हट्ट धरणारा नवरा लाखात एक. पण हे शिकवणं गोडीगुलाबीचं नव्हतं, हेही सांगायलाच हवं. अभ्यास केला नाही म्हणून त्यांनी त्या लहान पोरीला मारलेलंही आहे. पुढे अमेरिकेतून लिहिलेल्या एका पत्रात तिनं त्याची त्यांना स्पष्ट आठवण करून दिली. त्यांचे उपकार ती मानत होती, पण मार विसरली नव्हती. दोन्ही गोष्टी एकाच मनात राहू शकतात, हे आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको.

चौदाव्या वर्षाच्या आसपास तिला मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. बाळंतिणीला आणि बाळाला तपासायला स्त्री डॉक्टर नव्हती आणि पुरुष डॉक्टरपुढे जायची बायकांना चोरी. किती बायका अशा लाजेपायी दुखणं अंगावर काढून मरत होत्या. तिथून तिच्या मनानं घेतलं की आपण डॉक्टर व्हायचं.

गोपाळरावांच्या बदल्या होत राहिल्या. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज आणि पुढे बंगाल. मुंबईत ती शाळेत जाऊ लागली, आणि इथे पहिल्यांदा तिच्या पायातल्या बुटांची गोष्ट येते.

आज आपल्याला हे समजायला जरा जड जाईल. त्या वेळी आपल्याकडच्या वरच्या म्हणवणाऱ्या जातींतल्या बायका रस्त्यानं अनवाणी चालत. चप्पल-जोडा ही पुरुषाची वस्तू, छत्रीही पुरुषाची. घरातल्या बाईनं पायात काही घालून बाहेर पडणं म्हणजे थोरामोठ्यांपुढे ताठा दाखवणं. वैशाखातही पाय भाजत जायचं आणि पावसाळ्यात चिखल तुडवत. आणि ही मुलगी हातात पुस्तकं, पायात मोजे आणि बूट घालून शाळेला निघालेली! लोक खिडक्यांतून डोकी काढून बघत. रस्त्यानं जाणारे मोठ्यानं हसत, तिला ऐकू जाईल अशा बेतानं विचारत की बूटमोजे घालून शाळेला निघालेली ही कोण बाई? कलियुग आलं ते हेच, असंही म्हणत. काही जण घराच्या ओट्यावर बसून टिंगल करत, खडे मारत. दुकानदार तिला बघून थुंकत, घाणेरड्या खुणा करत. बंगालमध्ये गेल्यावरही फिरायला निघाली की बाबू लोक अडवून विचारत, तू कोण, कुठली, जात कोणती?

हे सगळं मी रंगवून सांगत नाही बरं का. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधल्या श्रीरामपूरच्या कॉलेजात भरलेल्या सभेत तिनं स्वतः उभं राहून इंग्रजीतून हे सांगितलं. तेव्हा ती अठराचीही नव्हती. अमेरिकेला एकटी का जाते, इथे शिकायची सोय नाही का, जातीबाहेर टाकलं तर काय, परदेशात काही बरंवाईट झालं तर काय, जे कुठल्याच बाईनं केलं नाही ते तूच का करतेस, असे प्रश्न लोक विचारत होते. तिनं एकेक प्रश्न हाती घेतला आणि शांतपणे उत्तर दिलं. त्याच भाषणात तिनं एक गोष्ट ठामपणे सांगितली. आपल्या चालीरीती, आपलं जेवण आणि आपला पोशाख ती बदलणार नव्हती. हिंदू म्हणून जाणार आणि हिंदू म्हणूनच परत येऊन राहणार.

म्हणजे बघा, जी मुलगी बूट घातले म्हणून खडे खात होती, तीच साडी सोडणार नाही म्हणूनही सांगत होती. हे मला फार आवडतं. बूट घातले ते साहेबीण व्हायचं म्हणून नव्हे, शाळेपर्यंत चालायचं होतं म्हणून. आणि साडी ठेवली ती ती स्वतः कोण हे तिला पक्कं ठाऊक होतं म्हणून.

अमेरिकेत जायला पैसे कुठले? स्वतःचे सोन्याचे दागिने तिनं विकले. भाषणाचा बोलबाला झाल्यावर लोकांची मदतही आली. आपल्यातल्या कुणी मंगळसूत्र गहाण टाकून मुलीची फी भरली असेल, तिला या दागिन्यांचं मोल कळेल. बाईचं सोनं म्हणजे नुसती हौस नसते. ती तिची अडीनडीची पुंजी असते. आनंदीनं ती स्वतःच्या शिक्षणात घातली.

७ एप्रिल १८८३ ला कलकत्त्याहून तिची बोट निघाली. गोपाळरावांना रजा-पैसा जमेना, तेव्हा ती मिशनरी बायकांच्या सोबतीनं, नवऱ्याशिवाय गेली. ४ जून १८८३ ला ती न्यूयॉर्कला उतरली. तिला घ्यायला थिओडिसिया कार्पेंटर नावाची बाई आली होती. या बाईची गोष्टही गमतीची आहे. न्यूजर्सीतल्या रोझेलला राहणारी ही गृहिणी दाताच्या डॉक्टरकडे नंबर लागेपर्यंत एक मासिक चाळत होती. त्यात गोपाळरावांचा पत्रव्यवहार छापलेला होता, बायकोला शिकवण्यासाठी मदत हवी म्हणून. तो वाचून तिनं पत्र पाठवलं आणि त्या पत्रातून नातं जुळलं. आनंदी तिला मावशी म्हणायची. परक्या देशात अशी मावशी भेटायलाही भाग्य लागतं.

रोझेलला ती सप्टेंबरपर्यंत राहिली. घरच्या मुलींना तिचा फार लळा लागला. त्या घरात तिनं आपला स्वयंपाक करून पाहुण्यांना जेवायला घातलं, तेव्हा तिथल्या बायका हौसेनं साडी नेसून बसल्या होत्या म्हणे. मला ते दृश्य डोळ्यांपुढे आणून हसू येतं. आपल्याकडे ज्या मुलीला बूट घातले म्हणून लोक हसत होते, तिच्याकडून साडी नेसून घ्यायला तिकडे बायका रांगेत!

मग शरद आला आणि ती फिलाडेल्फियाला गेली. महाविद्यालयाच्या डीन रेचल बॉडली यांनी तिला मायेनं आपलंसं केलं.

तिकडचा शरद आपल्यासारखा नसतो. आपल्याकडे भाताला लोंब्या येतात, आकाश निळंशार होतं, कोजागरीला गच्चीवर दूध आटतं. तिकडे झाडांची पानं पिवळी-लाल होतात, गळतात, आणि महिन्या-दीड महिन्यात बर्फ दारात. आनंदी तीन शरद तिथे राहिली, १८८३, ८४ आणि ८५. पहिल्याच थंडीत तिच्या नऊवारीची परीक्षा झाली.

आपल्या आज्या-पणज्यांनी नेसलेलं नऊवारी लुगडं आठवा. कासोटा घातला की चालायला, वाकायला, जिना चढायला, शेतात काम करायला इतकं मोकळं नेसणं दुसरं नाही. पण कासोट्यामुळे पोटऱ्या उघड्या राहतात. आपल्या हवेत ते सोयीचं, बर्फात मात्र वारा सरळ गुडघ्यापर्यंत. आत परकर घालायला जागा नाही, कारण कापड दोन पायांमधून मागे जातं. शिवाय त्या काळी अमेरिकेत बाईचा घोटा दिसणंसुद्धा सभ्य मानत नसत. ज्या नेसण्याला पुण्यात सोज्वळ म्हणत, तेच तिकडे लोकांच्या डोळ्यांत खुपणार. आता काय करायचं?

ती गुजराती पद्धतीनं साडी नेसू लागली. गोल नेसण, घोट्यापर्यंत खाली. अशा नेसणीत आत उबदार परकर घालता येतो, जाड पायमोजे घालता येतात, खाली बूट घातले तरी नेसण बिघडत नाही, आणि अंग पायापर्यंत झाकलं जातं. साडी तर सोडली नाही, पण थंडीवरही उपाय काढला. भाचीला मी म्हटलं, तू जो स्कर्टखाली बूट घालायचा विचार करते आहेस ना, ती तऱ्हा सव्वाशे वर्षांहून जुनी आहे बाई.

ही युक्ती एकट्या आनंदीचीच होती असंही नाही. कलकत्त्याच्या टागोरांची सून ज्ञानदानंदिनी देवी. तिचे यजमान सत्येंद्रनाथ आयसीएस होऊन मुंबई इलाख्यात आले. बंगालमध्ये तेव्हा साडी एकेरी गुंडाळत, आत काही नाही, त्या वेषात बाहेर पडणार कशी? मुंबईत तिनं पारशी बायकांचं नेसणं पाहिलं, त्यात आपला बदल केला, आत परकर, वर पोलकं आणि पायात जोडे. तिकडे त्याला मुंबईची साडीच म्हणू लागले. बाईला घराबाहेर पडायचं झालं की आधी कपड्याचा प्रश्न सोडवावा लागतो. आज आपण जी पाचवारी इतक्या सहज नेसतो, तिच्या निऱ्यांमध्ये अशा कितीजणींची धडपड दडलेली आहे.

मजा म्हणजे तेव्हाच्या अमेरिकन बायकाही काही सुखात नव्हत्या. कमर बारीक दिसावी म्हणून ताठ कॉर्सेट करकचून बांधायचे आणि मागे झगा फुगवायला खाली सांगाडा. श्वास घ्यायची मारामार. तिथले डॉक्टरसुद्धा त्याविरुद्ध सांगत होते. म्हणजे इकडे अनवाणी पाय, तिकडे आवळलेली कमर. देश बदलला तरी बाईच्या अंगावरचा जाच तोच.

नेसणं बदललं, पण गोपाळरावांना काय वाटेल ही काळजी तिला होतीच. त्यांची पत्रं कधी कौतुकाची, कधी टोचून बोलणारी. बायको तिकडे बदलली तर नाही ना, ही शंका त्यांना छळत असे. ज्यांनी तिला बूट घालून बाहेर काढलं, तेच आता ती किती पुढे जाते आहे म्हणून अस्वस्थ. १८८५ मध्ये ते स्वतः अमेरिकेत पोचले, आणि तिथल्या सभांमधून तिथल्याच बायकांवर आणि समाजावर टीका करत फिरले. आनंदीला किती अवघड झालं असेल! ज्या लोकांच्या मायेवर ती उभी होती, त्यांच्यावरच नवऱ्याची टीका. तरी तिनं ना नवऱ्याला सोडलं, ना मावशीला, ना अभ्यासाला.

अंगात मात्र दुखणं शिरलं होतं. फिलाडेल्फियाची थंडी, शाकाहारी जेवणाचे हाल, रात्ररात्र अभ्यास. सतत डोकेदुखी, ताप, अशक्तपणा. साडी न सोडण्याचा हट्ट नडला, असं काही लोक म्हणतात. मला ते पटत नाही. तिला झाला तो क्षय, आणि क्षय कपड्यांनी होत नाही. तेव्हा त्यावर औषधच नव्हतं, गाऊन घालणारेही हजारोंनी त्यानं मरत होते. बाई आजारी पडली की तिच्याच कुठल्या तरी वागण्यावर बोट ठेवायची सवय आपल्या समाजाला फार जुनी आहे.

११ मार्च १८८६ ला ती एम.डी. झाली. पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी घेणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांपैकी एक. तिच्या प्रबंधाचा विषय होता हिंदू लोकांतलं प्रसूतिशास्त्र. दहा दिवसांचं बाळ गमावलेल्या आईनं दुसरा कुठला विषय घेतला असता? समारंभाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून आल्या होत्या. कोल्हापूर संस्थानानं तिला अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये स्त्रियांच्या विभागाची डॉक्टर म्हणून बोलावलं. आजचं कोल्हापूरचं सीपीआर, तेच हे हॉस्पिटल.

पण त्या दवाखान्याची पायरी चढायचं तिच्या नशिबी नव्हतं. १८८६ च्या नोव्हेंबरात ती मुंबईला उतरली ती आजारीच. पुण्याला आणलं, आई आणि आजी उशापायथ्याशी, उपचार चालू होते. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यातच ती गेली. बावीस पूर्ण व्हायला महिनाभर उरला होता. डॉक्टर म्हणून आपल्याकडच्या बाळंतिणींना तपासायचं राहून गेलं. तिच्या अस्थी गोपाळरावांनी कार्पेंटर मावशीकडे पाठवल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी गावच्या स्मशानभूमीत, मावशीच्या कुटुंबाच्या जागेत, तिचा दगड आजही आहे. शुक्र ग्रहावरच्या एका विवरालाही तिचं नाव दिलं आहे. ज्या पायांना रस्त्यावर खडे लागले, त्यांचं नाव शुक्रापर्यंत गेलं.

इथवर सांगून झाल्यावर भाची गप्प होती. आणि मैत्रिणींनो, खरं सांगायचं तर मीही गप्प झाले, वेगळ्याच कारणानं. माझी एक जुनी चूक मला आठवली.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या महिला मंडळातर्फे आम्ही पुण्यातल्या एका वस्तीत जात होतो. तिथल्या एका सुनेला आम्ही खटपट करून नर्सिंगच्या कोर्सला घातलं. मार्क चांगले, हात हलका, मुलगी गुणाची. कोर्सला पांढरा सलवार-कुर्ता आणि पांढरे बूट लागत. ती ते घालून गल्लीतून निघाली की ओट्यावरची माणसं काहीबाही बोलायची. शिकायला निघाली की मिरवायला, असं विचारायची. सासूच्या कानावर ते गेलं आणि घरात धुसफूस सुरू झाली. मुलगी रडत माझ्याकडे आली.

मी तिला काय सांगितलं माहीत आहे? म्हटलं, साडी आणि चप्पल घालून घरून निघ, बूट आणि ड्रेस पिशवीत घाल, तिथे जाऊन बदल. उगाच कशाला तोंडाला तोंड द्यायचं, कोर्स पूर्ण होण्याशी मतलब. मला तेव्हा फार शहाणपणाचं वाटलं होतं. ती वर्षभर तसंच करत राहिली. बसस्टॉपच्या मागच्या स्वच्छतागृहात कपडे बदलायची. मग एके दिवशी कुणी तरी तिला तिथून बाहेर पडताना पाहिलं आणि घरी जाऊन सांगितलं की तुमची सून वाटेत कपडे बदलून जाते. आता याचा अर्थ लोकांनी काय लावला असेल, तुम्हीच विचार करा. जे उघड होतं तेव्हा फक्त हसणं होतं, ते लपवल्यावर संशय झाला. आणि लपवायला मी शिकवलं होतं.

मी तिच्या घरी गेले. सासूपुढे बसून सांगितलं की पिशवीची युक्ती माझी, मुलीचा त्यात काही दोष नाही. बोलणी खाल्ली. खायलाच हवी होती. शेवटी सासूबाईंनीच तोडगा काढला. त्या म्हणाल्या, काय घालायचं ते घरातून घालून जा, माझ्या डोळ्यांदेखत जा, मग कोण बोलतंय ते मी बघते. दुसऱ्या दिवसापासून कोपऱ्यापर्यंत त्या स्वतः तिच्याबरोबर चालत जाऊ लागल्या. आठ-पंधरा दिवसांत गल्लीचं तोंड बंद झालं. ती मुलगी आज एका दवाखान्यात बाळंतिणींच्या वॉर्डात काम करते. गळ्यात मंगळसूत्र, कपाळावर टिकली, पायात पांढरे बूट.

म्हणून आनंदीचा तो फोटो मला आता निराळा दिसतो. त्यात लपवाछपवी नाही. आपल्या गावात लोक खडे मारत होते तेव्हा तिनं बूट पिशवीत घातले नाहीत. परक्या गावात सगळ्या झगे घालत होत्या तेव्हा साडी ट्रंकेत ठेवली नाही. जे सोयीचं नव्हतं ते बदललं, जे आपलं वाटलं ते ठेवलं, आणि दोन्ही उघडपणे केलं. तिच्या शेजारी बसलेल्या दोघीही तशाच. तीन देशांच्या तीन मुली, प्रत्येकीच्या अंगावर आपापलं कापड, आणि तिघींचं शिक्षण एकच. त्या फोटोइतका स्टायलिश फोटो मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

तेव्हा या शरदात तुम्ही किंवा तुमच्या मुली कपाट उघडाल, तेव्हा खणाचा स्कर्ट घ्या, इरकल नेसा, सलवार-कमीज घाला, नऊवारीवर बूट घाला. रंग जुळवा, कानातलं-गळ्यातलं जुळवा, हौस करा. हौसेत काही वाईट नाही, आनंदीनंही फोटोला बसताना दागिने घातलेच होते. फक्त दोनच गोष्टी बघा. त्या कपड्यात, त्या चपलेत तुम्हाला जिथे जायचं आहे तिथपर्यंत नीट चालता येतं का? आणि ते घालून घराच्या पुढच्या दारानं निघता येतं का? दोन्हीचं उत्तर हो असेल तर बाकी लोकांचं लोकांनी बघावं. आणि घरातली कुणी मुलगी पहिल्यांदा तशी निघाली असेल, तर तिला पिशवी देऊ नका. कोपऱ्यापर्यंत तिच्याबरोबर चालत जा.

माझ्या भाचीनं काय घातलं, ते सांगायचं राहिलंच. खणाचा स्कर्ट, काळा कुर्ता, छोटे झुमके आणि खाली ते बूट. गल्लीतल्या दोघीतिघींनी वळून बघितलं, एक आजी हसल्याही. दुसऱ्या दिवशी त्याच आजींनी मला भाजीवाल्यापाशी गाठून विचारलं, ते बूट कुठून आणले गं? माझ्याही टाचांना थंडीत फार भेगा पडतात.